शेऱ्याचा रकाना

साखरबाईला कारखान्यात कुणी विचारत नसे. पण कुठला पाइप गळतो आणि कुठला नळ कोरडा, हे तिच्या फडक्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात ती अकरा वर्षं कंत्राटावर फरशी पुसत होती. तिसऱ्या प्लांटात हिरव्या पाटीखाली एक नळ होता, डोळ्यांत ॲसिड उडालं तर डोळे धुवायचा. त्याच्या खालची फरशी कधी ओली सापडेना. नळाच्या भांड्यात कोळ्यानं जाळं केलेलं. तिनं दांडी दाबून पाहिली, थेंब नाही.

शुक्रवारच्या सेफ्टी मीटिंगला ती उभी राहिली. "सायेब, त्यो डोळ्याचा नळ कोरडा हाय."

सेफ्टी ऑफिसर सम्राटसाहेब पुण्याहून गाडीनं येत, वयानं तिच्या लेकाएवढे. त्यांनी तक्रार वहीत उतरवली आणि शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत एक शब्द लिहिला. असे पाच शुक्रवार गेले. तक्रार तीच, शब्द दर वेळी नवा. लिहून झालं की साहेब शेजारच्याला वही दाखवत आणि दोघं हसत. शिक्षण वाया गेलं नव्हतं म्हणायचं!

"आपलं म्हणणं वर जातंय," साखरबाई गोकुळला सांगायची. "एकदा लिवलेलं सायेब परत लिवत न्हाईत. म्हंजी इचार करत्यात."

गोकुळ त्याच प्लांटातला ऑपरेटर. "व्हय मावशी, आता तुमचा फोटू लागतोय नोटीस बोर्डावर," तो चेष्टा करायचा.

एका मंगळवारी भर दुपारी पाइपचा जोड सुटला आणि ॲसिड गोकुळच्या तोंडावर उडालं. तो चाचपडत नळापाशी गेला आणि दांडी दाबत राहिला, दाबतच राहिला. साखरबाईच्या बादलीत फिनेल होतं. बाथरूममधून पाणी आणेपर्यंत व्हायचं ते झालं. गोकुळचा डावा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं ऑफिस पुसताना वही उघडी दिसली. तिनं मोबाइलवर पानाचा फोटो काढला आणि घरी नातीपुढं धरला. प्रांजल नववीत, इंग्रजी शाळेत. तिनं एकेक शब्द वाचला. रबिश. नॉनसेन्स. हंबग. जिबरिश. पॉपीकॉक. दोनतीन फोनवर शोधावे लागले. मग पोरीनं फोन पालथा ठेवला.

"सांग की."

"आजी, सगळ्यांचा अर्थ एकच हाय. वायफळ बडबड."

"पाचांचाबी?"

"पाचांचाबी."

"एका बडबडीला पाच नावं," साखरबाई म्हणाली, "आन् नळाला एक प्लंबर मिळंना." तिला रडू आलं नाही, संताप आला, सगळ्यांत जास्त स्वतःचाच, कारण त्या शब्दांचा तिला पाच शुक्रवार अभिमान वाटला होता. मग नातीची पेन्सिल घेऊन तिनं पहिला शब्द गिरवायला घेतला.

शुक्रवारी साहेबांनी चौकशीचा कागद वाचून दाखवला. नळ चालू होता, कामगार घाबरल्यामुळे त्याला दांडी सापडली नाही. "मावशी, तुम्ही तिथंच होता ना? साक्षीदार म्हणून करा सही."

साखरबाईनं पेन घेतलं आणि सहीच्या रेघेवर सावकाश, साहेबांच्याच वळणानं, इंग्रजीत लिहिलं: रबिश.

साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी न बघताच शिक्का मारला. झाडूवालीची सही कोण वाचतं? कागद फायलीला लागला, फाइल वर गेली, आणि तिथंही कुणी वाचलं नाही.

साखरबाई फडकं पिळून तिसऱ्या प्लांटात गेली. नळाखालची फरशी कोरडीच होती.