नवा दात

चुलत्यांच्या खालच्या हिरडीतून पांढरं टोक वर आलं, तेव्हा सगळा धनगरवाडा बघायला जमला. मुळशीच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. मी पुण्यात एका वर्तमानपत्राचा बातमीदार होतो आणि रजेवर घरी आलो होतो. शेजारच्या म्हातारीने चुलत्यांच्या तोंडात डोकावून पाहिलं. "आबाला नवा दात आलाय," ती म्हणाली. "आता पाळण्यात घाला त्याला." लोक हसले. चुलतेही हसले, पण त्यांचा जबडा पुरता उघडत नव्हता आणि तोंडाला घाण येत होती.

तो दात नव्हता. जबड्याचं हाड होतं. ते आम्हाला उशिरा कळलं.

आदल्या वर्षी त्यांच्या उजव्या गालात आतून व्रण झाला होता, तंबाखू धरायची सवय होती तिथेच. मी त्यांना मुंबईला नेलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी कर्करोग सांगितला आणि गालावर क्ष-किरण दिले. कातडी काळी पडली, त्या बाजूची दाढी उगवायची थांबली, व्रण भरला. बरा झाला, घेऊन जा, एवढंच डॉक्टर म्हणाले. पुढे काय जपायचं, याबद्दल एक शब्द नाही.

वस्तीने या उपचाराला डागणी मानलं. लंगड्या मेंढराच्या सांध्याला आम्ही तापल्या सळईचा डाग देतो. डागल्यावर तिथलं जे सुटून येईल ते रोगाचं, ते काढून टाकायचं, अशी आमच्यात रीत. त्यामुळे त्याच बाजूची दाढ हलायला लागली तेव्हा घरात समाधानच झालं. रोगाचं मूळ सुटलं, असं सगळ्यांचं मत पडलं. चुलत्यांनी पौडच्या बाजारात ती उपटून घेतली. खड्डा भरला नाही. त्यातूनच हा 'नवा दात' आला.

पुढे जबड्याखाली कातडीला भोक पडून पू वाहू लागला. आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. त्याच डॉक्टरांनी खुर्चीतूनच पाहिलं आणि रोग उलटल्याचं सांगितलं. आता इलाज नाही, म्हणाले. त्यांनी तोंड उघडायलाही लावलं नाही. मी समोर उभा होतो.

पुण्यातल्या एका शस्त्रवैद्यांनी मात्र चिमट्याने ते टोक ठोकून पाहिलं. चुलत्यांना काही जाणवलं नाही.

"हा रोग नाही," ते म्हणाले. "हाड मेलंय. किरणांनी रोग मारला, तसा हाडाचा रक्तपुरवठाही मारला. अशा जबड्यातला दात काढला की जखम भरत नाही. काढायला सांगितलं कोणी?"

"काढू नका, असं कोणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी चिमटा ताटलीत ठेवला.

मेलेलं हाड काढणं भाग होतं. चुलत्यांनी एवढंच विचारलं, "शीळ वाजंल न्हवं, डाक्टर? खालचं कुरण धरणाच्या पाण्यात गेलं. मेंढरं आता कड्याच्या अंगाला चरत्यात. तितं शीळ न्हाई घातली तर वळायची न्हाईत."

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. हाडातून रक्त येईल तिथवर कापत जायचं, म्हणाले. किती, ते उघडल्यावर कळेल.

क्लोरोफॉर्म देऊन शस्त्रक्रिया झाली. रक्त येणारं हाड फार मागे लागलं. जबड्याची उजवी बाजू जवळजवळ सगळी गेली. चुलते वाचले.

काढलेलं हाड मी मागून घेतलं, कागदात गुंडाळलं आणि मुंबईला जाऊन त्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून फिरवून पाहिलं.

"नमुना उत्तम आहे. विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवू का?"

दात काढू नये हे त्यांना माहीत होतं का, असं मी विचारलं. माहीत होतं, ते म्हणाले. मग सांगितलं का नाही? खेड्यातली माणसं सांगून ऐकत नाहीत, म्हणाले. शिवाय रोगी जिवंत आहे, तेव्हा तक्रार कसली?

मी हाड उचलून बाहेर पडलो.

चुलते कड्यावर गेले तेव्हा मी बरोबर होतो. हनुवटी उजवीकडे ओढली गेली होती, ओठ जुळत नव्हते. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि फुंकलं. नुसता वारा निघाला, थुंकी गळ्यावर ओघळली. त्यांनी पुन्हा फुंकलं. एकाही मेंढराने मान वर केली नाही.

आता शीळ चुलती घालते. मेंढरं तिचं ऐकतात. त्या वेळी चुलते पाठ फिरवून उभे राहतात.