बादलीला ताप आला

ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, मी फार्मसीच्या. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, दोन माणसं उभी राहतील एवढी बाल्कनी आणि एक गॅस, एवढ्या संसारात आम्ही दोघी तीन वर्षं राहिलो. कुणाचाही हात हातात आला की तिची बोटं आपोआप नाडीवर जायची, म्हणून सगळी इमारत तिला डॉक्टरीण म्हणायची. बसकंडक्टरची मुलगी. अंगात उत्साह इतका की दात घासतानाही बोलायची.

आमचं घोडं अडायचं कचऱ्यापाशी. कचऱ्याची गाडी दहाला यायची आणि आम्ही आठलाच बाहेर पडायचो. ओला कचरा दोन-दोन दिवस पिशवीत पडून राहायचा. एकदा पिशवी फुटली आणि मुंग्यांची रांग थेट जिन्यावर पोचली. मालकीण काकू कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"पुन्हा असं दिसलं तर दुसरी खोली बघा."

काकू खाली गेल्या आणि डॉक्टरीण म्हणाली, "आपण याचं खत करू या."

"कुठे? माझ्या डोक्यावर?"

"बाल्कनीत!"

एक पैसा खर्च न करता तिने सगळं जमवलं. रंगाऱ्याकडून रिकामी बादली मागून आणली, घासून लख्ख केली. पक्कडीत खिळा धरून गॅसवर तापवला आणि बादलीला चहूबाजूंनी भोकं पाडली. कॉलेजच्या आवारातला पालापाचोळा उशीच्या अभ्र्यात भरून आणला. अभ्रा माझा होता, हे मला झोपताना कळलं. तळाला पाला, त्यावर भाजीची देठं आणि साली, मूठभर माती, पुन्हा पाला.

दहा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग परीक्षा संपल्याच्या आनंदात तिच्या मैत्रिणी जमल्या, दोन कलिंगडं फस्त झाली आणि सगळ्या साली बादलीत गेल्या. तिसऱ्या दिवशी बाल्कनीचं दार उघडवेना. बादलीत अळ्या वळवळत होत्या.

"या खोलीत एक तर ही बादली राहील, नाही तर मी!" मी निक्षून सांगितलं.

ती चिडली नाही. उकिडवी बसली, मूठभर कचरा उचलून पिळला. बोटांतून पाणी ठिबकलं.

"पेशंटच्या अंगात पाणी झालंय," ती म्हणाली. "मला तीन दिवस दे."

तळमजल्यावर सुतारकाकांचं दुकान होतं. तिने भुसा मागितला तेव्हा ते म्हणाले, "प्लायवूडचा नेऊ नकोस हं, त्यात गोंद असतो. हा घे, साध्या लाकडाचा." दोन पिशव्या घेऊन ती धापा टाकत वर आली. बादलीखाली दोन विटा सरकवल्या आणि अर्धा तास काठीने सगळं तळापासून ढवळत बसली. नाकाला ओढणी बांधून मी लांबून बघत होते. संध्याकाळपर्यंत वास निम्म्यावर आला. मी ओढणी सोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने मला गदागदा हलवलं.

"ऊठ, ऊठ! ताप आलाय!"

"कुणाला?" मी दचकून उठले.

"बादलीला!"

तिने मला ओढतच बाल्कनीत नेलं आणि माझा हात मनगटापर्यंत त्या ढिगात खुपसला. मी किंचाळले, आणि तशीच थांबले. आत गरम होतं! आंघोळीच्या पाण्याइतकं गरम! बाहेर गारठा, आणि आमच्या फुकटच्या बादलीत ही ऊब! मग आम्ही दोघीही किंचाळलो.

काकू पदर सावरत वर धावल्या. "कोण आजारी आहे? गाडी बोलवू का?"

"आजारी नाही काकू, खडखडीत बरी झालीय! हात घालून बघा."

काकूंनी तोंड वाकडं करत हात घातला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई! खाली शेगडी ठेवलीय की काय?" त्यांनी खरोखर वाकून विटांमध्ये पाहिलं.

"जंतू जेवतायत, काकू. त्यांच्या खटाटोपाची ऊब आहे ही."

काकूंनी हात बाहेर काढला, बघितला आणि पुन्हा आत घातला. मग म्हणाल्या, "मला एक बादली करून दे. आजच."

अडीच महिन्यांनी आम्ही पहिलं खत चाळलं. काळंभोर, भुसभुशीत, अर्धी बादली. तोवर काकूंनी गच्चीची किल्ली डॉक्टरणीच्या हवाली केली होती आणि भाडेकरूंच्या नऊ बादल्या तिथे ओळीने उभ्या होत्या. सुतारकाका भुशाचं पोतं जिन्यापाशी स्वतःहून ठेवू लागले.

आज ती दुसऱ्या गावात लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, मी औषधांच्या दुकानात. आमच्या खोलीत नव्या मुली आल्यात. काकू त्यांना किल्लीबरोबर बादलीही देतात.

गेल्या आठवड्यात काकूंनी आम्हा दोघींना एकदमच फोन लावला.

"गांडुळं झालीत! माझ्या बादलीत! गच्चीवर!" काकू ओरडत होत्या. "जिना चढून आली का गं?"

"मातीतून आली असतील!" मी म्हणाले.

"किती आहेत? मोजा ना काकू!" डॉक्टरीण तिकडून ओरडली, आणि मग तिघीही एकदमच बोलायला लागलो.