भूमकाची टोपली

“आपण भुईचे चाकर, भुताचे नाई,” असं पत्रू हलामी जन्मभर म्हणत राहिला. कुरखेड्याच्या बाजारात कोणी त्याला मांत्रिक म्हटलं, की तो हे वाक्य ऐकवायचा आणि पुन्हा आपल्या मोहफुलांच्या ढिगापाशी बसायचा.

तो आमच्या गावचा भूमक. या शब्दात भूम आहे. ज्या माणसाने इथलं जंगल पहिल्यांदा साफ केलं, त्याने आधी भुईची परवानगी मागितली, आणि तो मागणारा म्हणजे भूमक, असं आमचे जुने लोक सांगत. पुढे रस्ता झाला, टीव्ही आला. मंतर, लिंबू, करणी, सारं एका गाठोड्यात बांधून बाहेरच्यांनी ते भूमकाच्या डोक्यावर ठेवलं. मग गावालाही तसंच वाटू लागलं. शब्द तोच राहिला, त्यातली भुई निसटत गेली.

पत्रूचं खरं काम वर्षातून एकदा दिसायचं. धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकण्याआधी, रोगराई शिवेबाहेर राहावी म्हणून, तो गाव बांधायचा. घरोघरी मूठभर तांदूळ मागायचा, ते एका टोपलीत मिसळायचा आणि शिवेवर खुंटी ठोकून तिच्याभोवती वाहायचा. ज्या घराचे तांदूळ टोपलीत पडले, ते घर गावाच्या आत. पडलेले तांदूळ फेकायचे नाहीत, परत न्यायचे नाहीत. ती टोपली शिवेवरच रिकामी व्हायची.

एका वर्षी गावातल्या लालसूचा बैल मेला आणि पाठोपाठ त्याचा नातू तापाने फणफणला. नातू सरकारी दवाखान्यातून बरा होऊन आला, पण लालसूचा संशय बरा झाला नाही. त्याच्या शेजारी सुकरी राहायची. नवरा वारलेली, एकटी, तोंडाची फटकळ. लालसूने तिचं नाव घेतलं आणि गावाने ते उचललं.

बांधणीच्या सकाळी पत्रू निम्मं गाव फिरून आला, तेव्हा लालसू चार माणसं घेऊन वाटेत उभा होता. त्यात पत्रूचा चुलतभाऊ रामाजीही होता.

“पत्रूभाऊ, सुकरीच्या घरी जाऊ नोको.”

“काऊन?”

“काऊन म्हनतेस? करणी करते ते. तू भूमक आहेस, तुले त दिसत असंन.”

“मले तुझा बैल दिसत होता, लालसू. त्याच्या बरगड्या दुरून दिसत होत्या. चारा टाकत जा म्हनलो, त आयकलास काय?”

मागून कोणीतरी हसलं. लालसू हसला नाही.

“तू फक्त तिचं नाव घे. मंग आमी पाहून घेतो.”

“नाव घेनं भूमकाचं काम नाई. आपण भुईचे चाकर...”

“भुताचे नाई, मालूम आहे,” लालसू म्हणाला. “तुले जमत नसंन त टोपली रामाजीले दे. तो होते भूमक.”

रामाजी खाली पाहत होता.

“देतो,” पत्रू म्हणाला. “घरं पुरी होऊ दे.”

तो सरळ सुकरीच्या दाराशी गेला. दार लोटलेलं होतं.

“सुकरीबाई, तांदूळ आन.”

“माहे तांदूळ? घेऊ देतील काय हे लोक?” आतून आवाज आला.

“मागनारा मी आहो. आन.”

ती मूठ भरून आली. मूठ टोपलीत सुटली. पत्रूने हात घालून तांदूळ खालीवर केले, सावकाश, सगळ्यांच्या देखत. लालसूच्या घरचे जाड, कोणाचे लालसर, सुकरीचे कणी झालेले. कोणते कोणाचे, ते आता कोणाला निवडता आलं नसतं. राहिलेली घरं त्याने तशीच पुरी केली आणि टोपली रामाजीसमोर ठेवली.

“घे. बांध गाव.”

लालसूने टोपलीत पाहिलं. फेकावी, तर त्याच्याही घरचे तांदूळ तिच्यातच. तो बाजूला सरला. रामाजीने टोपली उचलली.

टोपली सोडलेल्या भूमकाने त्या हंगामाचं पीक घरी येईपर्यंत शिवेबाहेर राहायचं, असा आमच्याकडे नेम आहे. पत्रूची धानाची बांदी त्या वर्षी पडीक राहणार होती. त्याने घोंगडी खांद्यावर टाकली, कुऱ्हाड घेतली आणि लेकीच्या गावाची वाट धरली.

गाव रामाजीच्या मागे शिवेकडे निघालं होतं. पत्रूला जाताना एकट्या सुकरीने पाहिलं. हाताला तांदळाची पांढरी भुकटी तशीच, ती दारात उभी राहिली, सागाच्या झाडांमागे त्याची घोंगडी दिसेनाशी होईपर्यंत.