उलकानला कुणी प्रश्न विचारला नाही

आमच्या शेजारच्या तुरातची मुलगी उलकान जन्मापासून पायांनी अधू. बोलायचीही अडखळत, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तशी. डोकं मात्र तल्लख. कळपातली कुठली मेंढी कुणाची, हे दारात बसून बिनचूक सांगायची.

असली मुलंही आता गावच्याच शाळेत बसतील असं सरकारनं ठरवलं, तेव्हा तुरात तिला घोड्यावर पुढ्यात घेऊन निघाला. झुउरा एजे, म्हणजे झुउराताई, आमच्या शिक्षिका, बाई मायाळू. त्यांनी उलकानला शेगडीजवळ मागच्या बाकावर बसवलं, स्वतःची शाल तिच्या अंगावर घातली, हातात रंगीत पेन्सिली दिल्या. अन् मग वर्षानुवर्षं तिला एकही प्रश्न विचारला नाही.

तिनं हात वर केला की म्हणायच्या, "राहू दे गं पोरी, दमशील." ती बोलू लागली की वाक्य स्वतःच पुरं करायच्या, तेही भलतंच. वर्ग हसायचा. तपासणीला साहेब येणार असले की निरोप यायचा, आज पोरीला घरीच आराम करू दे.

तुरात एकदा चिडला. "एजे, येतं तिला सगळं. जरा थांबा तरी तिच्यासाठी!"

"वर्गभर पोरं आहेत मला, तुरात. आणि शिकून ती करणार काय? उगाच आस लावू नकोस तिला. दया येते म्हणून सांगते हो."

मग त्या वर्गावर मेरिम नावाची तरुण शिक्षिका आली. तिनं उलकानला पुढं बसवलं, प्रश्न विचारला, आणि खरंच थांबली. पोरं चुळबुळली, तरी थांबली. उलकाननं उत्तर पुरं दिलं. त्या संध्याकाळी तुरातच्या घरी बोरसोक, आनंदाच्या दिवशी करतात ते कणकेचे फुगीर तुकडे, तळले, आमच्याकडेही ताटभर आले. त्या वर्षी पोर झोपेतसुद्धा बडबडायची, म्हणे.

वसंतात मेरिमचं लग्न झालं, ती शहरात गेली. वर्ग पुन्हा झुउरा एजेंकडे. पहिल्याच तासाला उलकाननं हात वर केला. एजे जवळ आल्या, तिच्या केसांवरून मायेनं हात फिरवला आणि तिचा हात हलकेच खाली ठेवला.

दुसऱ्या सकाळी तुरातनं घोडा दारात आणला, तर ही जागची हलेना.

"न... नको, बाबा."

तुरातनं विनवलं, ओरडला, शेवटी खोगीर उतरवलं. ती रडलीसुद्धा नाही.

आता ती विशीत आहे. घरी लोकर पिंजते. मी गेले की सरकून जागा करते, हसते. काही विचारलं तर आईकडे बघते. उत्तर आई देते.