फाळक्याआडून

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं.

दुष्काळाच्या त्या वर्षांत आम्ही नवरा-बायको दसरा झाला की सहकारी कारखान्यावर ऊस तोडायला जायचो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. ती फिटेपर्यंत जाणं भाग होतं. पोरगा सासूबाईंकडं राहायचा. दूध सोसायटीपुढच्या लिंबाखाली ट्रक लागायचा. एका वर्षी परत आलो, तर पोरगा माझ्याशी धड बोलेना. एकदाच म्हणाला, "जाताना तू कोंबड्यांचं डालगं बघत खाली बसलीस. माझ्याकडं बघितलं न्हाईस."

पावसाळ्यात शाळेत एक ताई पोरांना मोबाइलवर सिनेमा काढायला शिकवायला आल्या. पोरांनी विषय घेतला, ऊसतोडीला निघालेली आई. मुलींना घरून कुणी सोडेना, म्हणून आई झाला माझा पोरगा. माझी साडी, वरून बापाचा सदरा, आम्ही उसाच्या फडात घालतो तसा.

त्याचा दोस्त त्याला चिडवत म्हणाला, "मावशे, भाकरी टाक की."

"आधी पदर सावरू दे बे."

सोसायटीत पेंड उतरवून ट्रक रिकामा उभा होता. ड्रायव्हरनं चढू दिलं. मी जमलेल्या बायकांच्या मागून बघत होते. पोरगा डालगं धरून आत खाली बसला. ड्रायव्हरनं मागचा फाळका, म्हणजे ट्रकची उघडझाप करायची फळी, वर करून लावला. खाली एक लहान पोर उभं केलं. ताई म्हणाल्या, "आता पोराकडं बघ."

आतून आवाज आला, "कुठं हाय पोरगं? हितून नुस्ता फाळका दिसतोय. आन लिंबाचा शेंडा."

"मग उभा राहा."

"चालत्या ट्रकात आई उभी कशी राहील, ताई? पडंल की."

मग त्यानं मोबाइल मागून घेतला आणि बसल्या जागेवरून दिसलं तेवढंच टिपलं. शाळेत सिनेमा दाखवला तेव्हा पडद्यावर तो फाळका आला. बघायला आलेल्या बायकांतली एक म्हणाली, "असंच दिसतं बाई."

घरी येताना त्यानं विचारलं, "आई, तुला म्या दिसलोच न्हाई?"

"न्हाई रे. हाक तेवढी ऐकू आली."

दसऱ्यानंतर पुन्हा निघालो. ट्रक हलला तशी मी सवयीनं लिंबाच्या शेंड्याकडं बघितलं. पोरगा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर चढून हात हलवत होता. खाली सासूबाई शिव्या घालत होत्या. वळणापर्यंत तो मला दिसत राहिला.

त्या हंगामाच्या शेवटी उचलीची पै न पै फिटली.