पेढ्यांची दुसरी फेरी

इकडे हिंदी मुलखात, नगरा मोहल्ल्यात, आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ घरी बसून अंतराळातल्या क्ष-किरण दुर्बिणीचं काम करतात. म्हणजे नेमकं काय, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दुर्बिणीवर काम करणाऱ्यांचं बातमीपत्र आलं की ते गच्चीच्या कठड्याशी येतात आणि माहेरची खबर द्यावी तसं सांगतात, "वहिनी, आमच्यातल्या एकीला इटलीत नोकरी लागली. आणि हो, सॉफ्टवेअरचं नवीन अपडेट आलंय." कपडे वाळत घालता घालता मी "अच्छा" म्हणते.

मागे त्यांना एका ताऱ्याच्या प्रकाशात लोखंडाची खूण सापडली, तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. परवा अपडेटनंतर तेच काम त्यांनी पुन्हा करून पाहिलं, तर खूण गायब. ती ताऱ्याची नव्हतीच, दुर्बिणीतला दोष होता; नव्या सॉफ्टवेअरने तो काढून टाकला.

आमच्या गल्लीत हे कोणाला कळणार होतं? तरी ते पेढ्यांचा डबा घेऊन पुन्हा घरोघरी फिरले. आमच्याकडे आले तेव्हा डोळे सुजलेले होते.

"वहिनी, मागची बातमी खोटी निघाली. सबको बताना तो पड़ेगा."

"मग हे पेढे कसले, भैया?"

"चूक सापडली ना, त्याचे," ते म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले.

आनंदाचा पेढा मी आधी देवापुढे ठेवते. हा हातात घेऊन मी देवघरापर्यंत गेले, पण काय सांगून ठेवावा, ते काही केल्या सुचेना.