चकल्यांच्या डब्यातले फोन

पत्र्याच्या डब्यात फोन थरथरला की कसा आवाज येतो, ऐकला आहे कधी? काचेवर आपटणाऱ्या भुंग्यासारखा, घोगरा, आंधळा, सुटकेसाठी धडपडणारा. परदेशातल्या माझ्या बाळांनो, यंदाच्या मे महिन्यापासून तो आवाज माझ्या कानात घर करून बसला आहे.

पाचगणीला आपल्या चर्चचं तरुण मुलांचं शिबिर होतं. सिल्व्हर ओकच्या सावलीत सकाळची उपासना, दुपारी शास्त्राभ्यास, संध्याकाळी खेळ. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन माझ्या नाताळच्या फराळाच्या डब्यात, हा माझा नियम. "आज्जी, चकल्यांच्या डब्यात आमचा जीव हाय, मुंग्या लागू देऊ नका," मिरजेचा एक मुलगा म्हणाला. बाकीच्यांनी कुरकुरत फोन दिले. कडेगावची एस्तेर मात्र सर्वांआधी आली आणि हाताला चटका बसावा तसा तिने आपला फोन डब्यात सोडला.

कारण मला ठाऊक होतं. तिला पोहोचवायला आलेल्या आईने मला बाजूला घेतलं होतं. "गुरुवारी मिरजेला माझं आपरेशन हाय. छातीत गाठ हाय. पोरीला ठावं हाय, पर ती नाव काढू देत न्हाई. दवाखान्यात बसून रडण्यापरीस हितं गाणी म्हणू दे."

गुरुवारी बोलण्याची पाळी माझीच होती. विषय देवदूतांचा. स्वर्गीय दूत कुणापुढेही उभा राहिला, तरी निरोप सांगण्याआधी तो 'भिऊ नको' म्हणतो, हे मी आजवर कितीतरी मुलांना शिकवलं. आणि ती आज्ञाच आहे, श्रद्धावंताने भिता कामा नये, असंच मला आयुष्यभर वाटत आलं. बोलता बोलता एस्तेरकडे लक्ष गेलं. ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं आवळून गुंडाळलं होतं की बोटाचा शेंडा पांढराफटक पडला होता. मी वाक्य अर्धवटच सोडलं. वर्गातल्या द्वाड मुलासारखी भीती का 'बाहेर जा' म्हटल्यावर उठून जाते?

तेवढ्यात टेबलावरचा डबा थरथरू लागला.

"कुणाचा जीव वरडतोय रं?" मुलं हसली. एस्तेर हसली नाही. डबा काखेत मारून मी तिला व्हरांड्यात नेलं. थरथरत होता तो तिचाच फोन; वर नाव होतं, मामा.

"आज्जी, तुमीच उचला. मला नगं."

माझाही हात पुढे होईना. न उचललेल्या फोनमध्ये आई अजून सुखरूप असते; ते सुख संपवण्याचा अधिकार मला कुणी दिला होता? पण आवाज थांबेना. उचलला, मी कोण ते सांगितलं.

"आवं, ताई सुद्दीवर आली. लय बडबड करतीया. डॉक्टरलाच इचारतीया, लगीन झालं का म्हणून!"

मी शब्दन् शब्द एस्तेरला सांगितला. ती पायरीवर बसली. "आन् गाठ?" मी मामाला विचारलं. गाठ तपासायला पाठवली होती, रिपोर्टला आठवडा लागणार होता. "म्हंजी अजून भ्यायचंच हाय," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसले. "मग दोघी मिळून भिऊ," म्हणाले. ती जराशी सरकून माझ्या खांद्याला टेकली. आत मुलांनी गाणं सुरू केलं होतं.

शिबिर संपवून मी साताऱ्याला परतले. तुमचे फोन रविवारी येतात. एरवी अवेळी घंटा वाजली की परक्या देशातला निसरडा रस्ता आणि त्यावर तुम्ही, एवढंच मला दिसतं. रिपोर्टचा आठवडा उलटल्यावर एका दुपारी असाच अवेळी फोन वाजला, आणि देवाचं नाव घेऊन मी तो उचलला.

"आज्जी, आधी भिऊ नका. मी एस्तेर हाय."

मग तिने सांगितलं. गाठ साधी नव्हती. मिरजेलाच उपचार चालणार होते, खूप महिने. बातमी वाईटच होती. पण बातमीच्या पुढे चालत आलेल्या त्या 'भिऊ नका'ने माझा दंड धरून मला सावरलं होतं. तेव्हा कुठे मला दूताचं बोलणं कळलं. तो हुकूम नव्हता. निरोप घेऊन दारात उभं राहणाऱ्याला आतल्याच्या काळजाची धडधड ऐकू येते, आणि म्हणून तो आधी त्या धडधडीवर हात ठेवतो.

डबा आता फळीवर रिकामा आहे. माझा फोन मात्र जेवणाच्या टेबलावर तसाच थरथरतो, भुंग्यासारखा. बाळांनो, कसलीही बातमी असली तरी आजीपासून लपवू नका. फक्त वार रविवार नसेल, तर आधी तेवढं 'भिऊ नको' म्हणा. मग सांगा काय ते. तुमच्यासोबत भ्यायला मी पायरीवर बसलेली असेन.